मॅडमची लॅटिन आणि धानाची खोली

मी आज जो काही आहे, तो चंद्रपूरच्या कॉलेजात आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडममुळे आहे. आईवडिलांनी वाढवले, गावाने सांभाळले, हे आहेच. पण सगळ्यात जास्त देणे कोणाचे, असे कोणी विचारले तर मी आधी मॅडमचेच नाव घेईन. इथे मात्र ते लिहीत नाही. आपले नाव कुठे छापून आलेले त्यांना कधी आवडले नाही.

आमचे गाव कुरखेडा तालुक्यात, डांबरी रस्ता संपतो तिथून थोडे आत. घरी धान, आणि उन्हाळ्यात मोहफूल व तेंदूपान. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. आता मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे दर वर्षी नव्याने अर्ज करायचा, नव्याने मुलाखत द्यायची आणि बोलावले तर जायचे. केस पिकायला लागले तरी स्टाफरूममध्ये मी अजून ‘ते नवीन सर’ आहे. तक्रार नाही. थकलो आहे, एवढेच.

या उन्हाळ्यात प्राचार्यांनी बोलावून सांगितले की वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली रिकामी करा, तिथे संगणक येणार आहेत. त्या खोलीत मॅडमची कपाटे होती. ताडोब्याच्या बाजूपासून भामरागडपर्यंत फिरून त्यांनी नोकरीभर जमवलेल्या वनस्पती त्यांत होत्या. प्रत्येक फांदी दाबून, वाळवून, जाड कागदाच्या शीटवर दोऱ्याने शिवलेली, खाली नाव, गाव, ओढा, टेकडी. नवे सत्र सुरू व्हायच्या आत ते सगळे हलले नाही, तर रद्दीत जाणार होते.

मॅडम निवृत्त होऊन मुलाकडे बंगळूरला गेल्या, तेव्हा खोलीची किल्ली माझ्या हातात देऊन एकच शब्द बोलल्या होत्या, “सांभाळ.” दर दिवाळीला फोनवर त्यांचा एकच प्रश्न असतो, “कपाटं बरी आहेत ना?” आणि मी म्हणतो, “हो मॅडम.”

त्या खोलीत मी लॅटिन शिकलो. ते कसे घडले हे आधी सांगतो, नाहीतर वाळलेल्या पाल्याच्या ढिगासाठी एक माणूस महिनाभर उन्हात का फिरला, हे कळायचे नाही.

पहिल्या वर्षाला असताना एक गोष्ट मला छळत होती. पुस्तकात प्रत्येक झाडाच्या शास्त्रीय नावामागे कोणा माणसाचे आखूड केलेले नाव असे. ज्याने त्या झाडाला ते नाव दिले, त्याचे ते नाव. हे वर्गात सांगितले असणार, पण इंग्रजीत, आणि माझे इंग्रजी तेव्हा पोहोचत नव्हते. आमच्याकडे झाड दिसले की पहिला प्रश्न असतो, “कोणाचं?” मोहाचे झाड कोणाच्याही बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभे असू शकते. जमीन एकाची, झाड दुसऱ्याचे. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याखालची जागा झाडून फुले वेचली, त्याचे ते झाड. आमच्या बांधीतला मोठा मोहा शेजारच्या काकूचा आहे. त्याच्या सावलीने आमचे धान दबते, पण त्याच्या फुलाला आम्ही हात लावत नव्हतो. त्यामुळे पुस्तक वाचून मी सरळ असे समजलो की नावामागचा माणूस म्हणजे झाडाचा मालक. आणि मालक तर सगळे परदेशी!

सुट्टीत घरी येऊन मी बाबांना सांगितले की मोहाची सगळी झाडे पुस्तकात एका गोऱ्या साहेबाच्या नावाने आहेत.

बाबा बैलाला पाणी दाखवत होते. म्हणाले, “तो येते का गा मोहा येचाले?”

“नाही.”

“मंग राहू दे त्याच्या नावानं. त्याचं मन भरते, आपलं काई जात नाई.”

माझे समाधान झाले नाही. प्रात्यक्षिकासाठी मी काकूला विचारून तिच्या मोहाची डहाळी आणली, दाबून वाळवली, कागदावर लावली आणि खाली झाडाच्या नावामागे काकूचे पूर्ण नाव लिहिले. मला ते खरे वाटले म्हणून लिहिले.

शीट हातोहात फिरली आणि वर्ग हसून हसून वाकला. एकाने विचारले, “काऊन बे, तुही काकू इंग्लंडवरून आली का?” मॅडम हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवले.

“ह्या कोण?”

“आमच्या शेजारची काकू. झाड तिचं हाये, मॅडम.”

“आणि शेत?”

“शेत आमचं.”

त्यांनी शीट टेबलावर ठेवली. मग माझे अक्षर न खोडता खाली पेन्सिलने दोन शब्द लिहिले: आर्बोर विकिनाए. म्हणाल्या, “आर्बोर म्हणजे झाड. विकिना म्हणजे शेजारीण. तिच्या शेवटाला ‘आए’ लागलं की झालं ‘शेजारणीचं’. ही लॅटिन. षष्ठी तुला आधीच येते आहे. बाकीच्या विभक्त्या मी शिकवीन. शनिवारी कॉलेज सुटल्यावर ये.”

ती शीट त्यांनी टाकली नाही. कपाटात, मोहाच्या बाकीच्या शीटांबरोबर ठेवली.

शनिवारी आम्ही दोघे असायचो, मी आणि ताडोब्याजवळच्या मोहर्लीची एक मुलगी. तिचे वडील पर्यटकांना जंगलात फिरवणारी जिप्सी चालवत. मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले: होमो तिग्रेम विदेत. होमो म्हणजे माणूस, तिग्रिस म्हणजे वाघ, विदेत म्हणजे बघतो. माणूस वाघाला बघतो.

मग त्यांनी डस्टरने पुसून शब्दांच्या जागा बदलल्या. तिग्रेम होमो विदेत. “आता कोण कोणाला बघतंय?”

मी म्हणालो, “वाघ माणसाला.”

“शब्दाची जागा बघू नकोस. शेवट बघ. तिग्रेम. तो ‘एम’ अजून आहे ना? मग वाघ अजूनही बघितला जाणारा आहे. त्याला कुठंही उभा कर, आधी, मध्ये, शेवटी. वाघाला बघायचं असेल तर होमोचं होमिनेम झालं पाहिजे आणि तिग्रेमचं पुन्हा तिग्रिस. तिग्रिस होमिनेम विदेत. होमिनेम तिग्रिस विदेत. दोन्हीकडे बघणारा वाघच.”

मोहर्लीची मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं हेच वाक्य खरं हाये. वाघच आधी पाह्यते. जिप्सीतल्या लोकायले मालूमही पडत नाई, फोटोच काढून राह्यते.”

मॅडमना हसताना मी पहिल्यांदा पाहिले ते तेव्हा.

मराठीतही ‘वाघाला माणूस बघतो’ म्हटले तर अर्थ बदलत नाही, कारण तो ‘ला’ वाघाला चिकटलेला असतो. आमच्याकडे तोच ‘ले’. तेव्हा ही भाषा अगदीच परकी नव्हती. फरक इतकाच की आपला प्रत्यय बऱ्याचदा वेगळा ओळखू येतो आणि लॅटिनचा शब्दाच्या अंगातच मुरलेला असतो. एकाच शब्दाचे किती अवतार होतात याने मी घाबरून गेलो होतो. मॅडम एकेक सोपे करून द्यायच्या. काम करणारा तो प्रथमेत. ज्याच्यावर काम होते तो द्वितीयेत. ज्याला काही द्यायचे तो चतुर्थीत: आर्बोर होमिनी फ्रुक्तुम दात, झाड माणसाला फळ देते. इथे होमिनी म्हणजे माणसाला, आणि वाघ बघतो तो होमिनेम म्हणजेही माणसाला. मराठीत दोन्हीकडे ‘ला’ने भागते, लॅटिनमध्ये भागत नाही. वाघाने बघितलेला माणूस आणि झाडाने फळ दिलेला माणूस यांचे शेवट वेगळे. मला ते फार न्यायाचे वाटले होते.

उलट आपली तृतीया, पंचमी आणि सप्तमी यांची बहुतेक कामे तिकडे एकच विभक्ती करते. कशाने, कशापासून, कशात, सगळे तिच्याच गळ्यात. मॅडम म्हणायच्या, “घरातल्या थोरल्या सुनेसारखी आहे बिचारी. कोणतंही काम आलं की तिलाच हाक.” कोणत्या कामासाठी हाक मारली आहे हे शेजारच्या शब्दांवरून ओळखायचे. इन सिल्वा, शेवटचा आ लांबवून म्हटले, तर जंगलात. इन सिल्वाम म्हटले तर जंगलामध्ये जायला निघालो, मग तिथे पुन्हा द्वितीया.

मला सगळ्यात जड गेले ते एक वाक्य अजून पाठ आहे: आल्ताम होमो इन सिल्वा विदेत आर्बोरेम. आल्ताम म्हणजे उंच, पण ते वाक्याच्या तोंडाशी उभे, आणि झाड, आर्बोरेम, पार शेवटी. मध्ये माणूस, जंगल, बघणे, सगळे शिरलेले. मी ‘उंच माणूस’ असे लिहून नेले. मॅडमनी वही परत दिली. “तुझ्या काकूचं झाड कोणाच्या बांधीत आहे?”

“आमच्या.”

“म्हणून तुमचं होतं का? आल्ताम माणसाच्या शेजारी उभं आहे, पण माणसाचं नाही. शेवट जुळव. आल्ताम, आर्बोरेम. दोघांचं लिंग एक, वचन एक, विभक्ती एक. ते त्याचंच आहे. मध्ये कितीही शेतं येऊ देत.”

त्यानंतर हे मला कधी चुकले नाही. मोहर्लीच्या मुलीने पुढे येणे बंद केले, तिचे लग्न ठरले. मी पदवी होईपर्यंत आणि नंतरही जात राहिलो. वनस्पतींची जुनी वर्णने आम्ही मिळून वाचायचो. त्यांत क्रियापद जवळजवळ नसतेच. आर्बोर माग्ना, फोलिईस एल्लिप्तिकिस, फ्लोरिबुस आल्बिदिस. मोठे झाड, लंबगोल पानांनी, पांढुरक्या फुलांनी. झाड प्रथमेत उभे आणि पाने-फुले त्या थोरल्या सुनेच्या विभक्तीत त्याच्याभोवती. कोणी काही करत नाही, कोणावर काही होत नाही. दिवसभर धक्के खाऊन आलो की मला ती वाक्ये वाचून विसावा वाटायचा. अजून वाटतो.

त्या काळी नवी वनस्पती सापडली तर तिचे वर्णन लॅटिनमध्ये लिहावेच लागे, नाहीतर जगात ती धरली जात नसे. काही वर्षांपूर्वी तो नियम सैल झाला, इंग्रजीही चालेल असे ठरले. ती बातमी मीच मॅडमना सांगितली. त्या म्हणाल्या, “बरं झालं. पोरांचा त्रास वाचला.” मग फडके घेऊन लॅटिनचा जाडा कोश पुसत बसल्या. तो आधीच स्वच्छ होता. त्यांना आयुष्यात एकही नवी वनस्पती सापडली नाही. मलाही नाही. शिकलेली लॅटिन आम्हा दोघांच्या कधी कामी आली नाही, असे कोणी म्हणाले तर ते खोटे नाही.

तर, कपाटे. महिनाभर मी त्यांच्यासाठी जागा शोधली. नागपूरला गेलो, गडचिरोलीला गेलो, जंगल खात्याच्या एका साहेबांना भेटलो. सगळ्यांनी चहा पाजला. सगळे म्हणाले की हा फार मोलाचा ठेवा आहे. एका ठिकाणी म्हणाले, निवडक दुर्मीळ तेवढ्या शीट ठेवू, बाकीचे साधे आहे. साधे म्हणजे मोहा, पळस, चारोळी, तेंदू. दुसरीकडे म्हणाले, फोटो काढून पाठवा, मूळ कशाला हवे? गडचांदूरला, सिमेंट कारखान्यांच्या गावात, एक ओळखीचे शिक्षक आहेत, त्यांच्या शाळेत रिकामी खोली होती. जाऊन पाहिली, तर खिडकीच्या गजांवर बोट फिरवले तरी सिमेंटची भुकटी लागत होती. परत येताना बसमध्ये उभ्यानेच झोप लागली.

कॉलेजचा शिपाई माझ्याबरोबर कपाटे हलवून बघत होता. म्हणाला, “सर, काऊन जीव काढून राह्यले? हा पालाच हाये ना? माह्या घरामागं याच्याहून हिरवा हाये, घेऊन जा.”

मलाही एखाददा वाटले की द्यावे सोडून. पुढल्या वर्षी मला बोलावतील की नाही याचाच पत्ता नव्हता. किल्ली परत केली असती तर कोणी नावे ठेवली नसती. मॅडमनाही कळायला दिवाळी उजाडली असती. पण दिवाळीला ‘हो मॅडम’ कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

शेवटी काही न ठरवता गावी गेलो. मोहफुलांचा हंगाम नुकताच सरला होता, अंगणात शेवटची फुले वाळत पडली होती. माय जेवायला वाढून समोर बसली.

“काऊन बाबू, जेवून नाई राह्यला?”

मी सगळे सांगितले. बाबा खाटेवरून ऐकत होते. तिने मध्ये एकदाही विचारले नाही की ही पाने कशाची. ऐकून झाल्यावर म्हणाली, “काकू अहेरीले पोरीकडं गेली, त् झाड आपलं झालं का?”

काकू म्हातारपणी लेकीकडे राहायला गेली, तेव्हापासून तिच्या मोहाखाली माय झाडते आणि फुले वेचते. आमच्याकडे तशी रीत आहे. मालक लांब गेला तर शेजारी झाड राखतो, फुले घेतो आणि दर हंगामात वाळलेल्या फुलांची एक पिशवी मालकाकडे धाडतो. पिशवी लहान असली तरी चालते, पण जावी लागते. ती गेली म्हणजे झाड कोणाचे हे सगळ्यांना ठाऊक राहते.

“मॅडम दूर गेली,” माय म्हणाली. “तिचे पानं तू राख. इथी आन.”

बाबा उठून बसले. “कुठी ठेवतं वो? माह्या डोक्शावर?”

“धानाच्या खोलीत. धान त् इकून झाला. बियाण्याचं एक पोतं हाये, ते ठेवा मंग डोक्शावर.”

“पानाइले खोली अन्‌ बियाणं बाहेर! बरं शिकवलं बाप्पा कॉलेजनं.”

“तुमाले नाई ना शिकवलं? मंग गप राहा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खोलीतली जुनी तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, बाहेर काढत होते.

टेम्पोत कपाटे चढवताना प्राचार्य खाली आले. वाईट माणूस नाही. त्यांनी एका कागदावर माझी सही घेतली आणि म्हणाले, “घरी नेताय? बरं केलंत.” मला ते बोलणे लागले, कॉलेजचा ठेवा त्यांच्या लेखी माझे घरचे सामान झाला होता. आरमोरीच्या पुढे रस्ता खराब आहे. मी मागे, कपाटांना पाठ लावून बसलो होतो, आणि प्रत्येक खड्ड्याला आतला कोरडा आवाज ऐकू येत होता.

खोलीत बाबांनी लाकडी फळ्या अंथरून ठेवल्या होत्या, धानाची पोती जमिनीला टेकू नयेत म्हणून अंथरतात तशा. कपाटांच्या पायांखाली राख पसरली. मी डांबरगोळ्या घातल्या, मायने वरून कडुलिंबाचा पाला आणला. मी नको म्हटले, त्यात ओल असते. ती म्हणाली, “वाळवून टाकीन.”

हे कायमचे नाही, हे मला कळते. कौलारू घर आहे, पावसाळा तोंडावर आहे, उधई, म्हणजे वाळवी, आमच्या गावात कोणाला सोडत नाही. कोणी अभ्यासक आमच्या धानाच्या खोलीत येऊन मोहाची शीट बघेल असे मी धरून चाललेलो नाही. मॅडमना हे आवडेल का, तेही कळत नव्हते. आयुष्यभराचे काम कॉलेजातून निघून एका विद्यार्थ्याच्या घरी बियाण्याच्या पोत्याशेजारी जाऊन बसले, हे ऐकून त्यांना लाजही वाटेल. फोन उचलून दोनदा ठेवला. मग पत्र लिहिले. ते असे:

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

मी दर दिवाळीला कपाटे बरी आहेत असे सांगत आलो. आता ती कॉलेजात नाहीत. वरची खोली संगणकांसाठी घेतली. मी जागा शोधली, मिळाली नाही. सगळी कपाटे आमच्या घरी, धान ठेवायच्या खोलीत आणून ठेवली आहेत. एकही शीट वगळलेली नाही. साध्याही सगळ्या आहेत. तुम्हाला आधी विचारायला हवे होते, पण तुम्ही ‘राहू दे, टाकून दे’ म्हणाल अशी भीती वाटली.

सोबत एक शीट पाठवत आहे. काकूच्या मोहाची डहाळी आहे, याच हंगामातली. आमच्याकडे झाड राखणारा मालकाला दर साल वाटा पाठवतो, तसा हा तुमचा वाटा समजावा. काकूचा वाटा माय वेगळा पाठवते. वर्णन मी लॅटिनमध्येच लिहिले आहे. पाने-फुलांच्या विभक्त्या तपासून बघा, बऱ्याच दिवसांनी लिहिले. खाली पेन्सिलने ‘फोलिआ मागिस्त्राए’ लिहिले आहे, बाईंची पाने. नावामागे कोणाचे नाव लिहायचे ते आता मला माहीत आहे, पण तुम्ही तेव्हा माझे खोडले नव्हते, म्हणून एवढे धाडस केले.

पुढल्या वर्षीच्या तासिकांचे अजून कळलेले नाही. नाही मिळाल्या तर मी गावीच असेन, म्हणजे कपाटांकडे रोज लक्ष राहील. तुम्ही काळजी करू नये.

एक विचारायचे आहे. बियाण्याला कीड लागू नये म्हणून बाबा त्याला अधूनमधून ऊन दाखवतात. तुमच्या शीटांनाही तसेच एकदा अंगणात ऊन दाखवू म्हणतात. मी नाही म्हटले, पाने भुरकी होतील आणि मोडतील. ते म्हणतात, “तुले काय समजते, तुह्या मॅडमले इचार.” तेव्हा कृपा करून दोन ओळी लिहून कळवा, मराठीतच. मी त्यांना वाचून दाखवीन. माझे ते ऐकत नाहीत, तुमचे ऐकतील.

तुमचा विद्यार्थी